आपला कागद, आपला हिशेब



आजच्या गप्पांचा विषय आहे कागद. सरकारी कार्यालयातला कागद. आपल्यापैकी प्रत्येकीचं नाव कुठल्या ना कुठल्या सरकारी वहीत आहे. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, जमिनीची सातबाऱ्यावर, वारसाची फेरफारात, रेशन कार्डाची तहसीलच्या पुरवठा शाखेत, कामाची हजेरी रोजगार हमीच्या मस्टरवर. काहींचं नाव तिथे असायला हवं होतं, पण नाही. आणि ते नाही हेसुद्धा वही उघडल्याशिवाय कळत नाही.

या वह्या आपल्याबद्दल बोलतात, पण असतात दुसऱ्याच्या कपाटात. ते कपाट उघडा म्हणण्याचा हक्क आपल्याला आज आहे. तो कसा मिळाला, कुणी मिळवला, आणि त्यात बायांचा वाटा केवढा होता, ते आज आम्ही सांगणार आहोत. शेवटी अर्ज कसा करायचा तेही बोलू.

सुप्याच्या बाजारात जळलेले कागद

जुन्या काळी गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. कुणाची जमीन किती, सारा किती, बाकी किती, सगळं त्या रुमालात बांधलेलं. सावकाराचं खतही तसंच. ज्याला वाचता येत नाही तो अंगठा देई आणि खतात काय लिहिलंय ते दुसऱ्याच्या तोंडून ऐके. सांगणारा खरं सांगतोय की नाही, हे कळायला मार्गच नव्हता.

१८६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस बंद झाला म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. त्यातच इंग्रज सरकारने सारा वाढवला. सावकाराचं व्याज चढत गेलं आणि कोर्टाचे हुकूमनामे घेऊन लोक दारात येऊ लागले. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावाने सावकारांशी व्यवहारच बंद केले. आणि १२ मे १८७५ ला, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. तिथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात.

यातली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. त्या लोकांना हवे होते ते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे. ते बाहेर काढायचे आणि पेटवायचे. ज्या सावकाराने निमूटपणे कागद दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कर्ज कागदात होतं. तो कागद वाचता येत नव्हता आणि त्याची नक्कलही मिळत नव्हती. मग जाळण्याशिवाय दुसरं काय हातात होतं?

सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक बारीक पण मोठी गोष्ट होती. शेतकऱ्याने करून दिलेला दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, भरलेल्या पैशाची पावती मिळावी आणि मागितला तर हिशेब मिळावा. पावती आणि हिशेब हा कर्ज घेणाऱ्याचा हक्क आहे, हे कायद्याच्या पुस्तकात आलं. जोतीराव फुल्यांनी त्याच सुमारास ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला कचेरीत आणि कोर्टात कसं नागवलं जातं, ते त्यात पानोपानी आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यातली कुलकर्णी वतनं गेली ती स्वातंत्र्यानंतर. दप्तर घरातून निघालं आणि कार्यालयात आलं.

पण कार्यालयाच्या दाराला कुलूप होतंच. इंग्रजांनी १९२३ साली सरकारी गुपितांचा कायदा केला होता. तो हेरगिरीसाठी होता, पण त्याची सावली खाली तलाठ्याच्या टेबलापर्यंत पडली. इंग्रज गेले, सावली राहिली. कागद मागितला की उत्तर ठरलेलं, ‘सरकारी कागद आहे, दाखवता येत नाही.’

मस्टरवरचा अंगठा

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या थोरल्या बायांना आठवत असेल. ज्यांना आठवत नाही, त्यांनी आईकडून, सासूकडून ऐकलेला आहे. खडी फोडायची, पाझर तलावावर माती वाहायची, पोरांसाठी सुकडी घ्यायची. त्यातूनच आपल्या राज्याची रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हा हक्क कायद्यात लिहिणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्या कामांवर बाया मोठ्या संख्येने होत्या.

मजुरी ठरे कामाच्या मापावर. माप घेणार साहेब, मस्टर लिहिणार कारकून, अंगठा देणार आपण. आठवड्याला हातात पैसे कमी पडले, तर ‘माप कमी भरलं’ एवढंच कानावर येई. किती भरलं, कुठे लिहिलंय, हे विचारायची सोय नव्हती.

राजस्थानातल्या बायांची गत तीच होती. अजमेर जिल्ह्यात हरमाडा नावाचं गाव आहे. १९८१ साली तिथे दुष्काळी कामावर रस्ता बांधला जात होता. किमान मजुरी होती दिवसाला ७ रुपये, हातात पडत त्याहून कमी. नौरती बाई नावाच्या दलित मजूर बाईने इतर मजुरांना एकत्र केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८३ साली न्यायालयाने निकाल दिला की, दुष्काळी काम असलं तरी किमान मजुरीपेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारीच. नौरती बाई पुढे लिहायला वाचायला शिकल्या, कॉम्प्युटर शिकल्या आणि २०१० साली त्याच हरमाड्याच्या सरपंच झाल्या.

निकाल लागला, पण गावोगाव मजुरी पूर्ण मिळेना. १९८७ साली अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह राजस्थानातल्या देवडुंगरी या छोट्या वस्तीत मातीच्या घरात राहायला आले. गावकऱ्यांबरोबर त्यांनी १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटन सुरू केलं. मजुरीसाठी धरणं झालं, उपोषण झालं. प्रत्येक वेळी अधिकारी एकच सांगत, ‘कागदावर तुमचं काम कमी आहे.’ मग लोकांच्या ध्यानात आलं की, भांडण मजुरीचं असलं तरी त्याची किल्ली कागदात आहे. तो कागद आपल्याला दाखवा, ही मागणी तिथून पुढे आली.

२ डिसेंबर १९९४ ला कोट किराना या गावात पहिली जनसुनावणी झाली. म्हणजे काय झालं? कामांची मस्टर आणि बिलं मिळवली आणि गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. अमक्या कामावर अमकी इतके दिवस होती, तिला इतके पैसे दिले. ती बाई तिथेच बसलेली. ती उठून सांगणार, मी त्या कामावर गेलेच नाही. पुढच्या गावांतही सुनावण्या झाल्या. कामावर न गेलेल्यांची नावं निघाली, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाली, अर्धवट बांधकामं पूर्ण दाखवलेली निघाली.

मैत्रिणींनो, त्या मांडवातल्या कित्येक बायांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण कागद मोठ्याने वाचला की, खोटा कुठला ते त्यांना एका क्षणात ओळखता येत होतं. कारण काम त्यांनी केलं होतं. कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कुणाची विहीर फक्त कागदावर आहे, हे गावच्या बाईइतकं कुणाला ठाऊक? आमचं शिक्षण नाही, आम्हाला काय कळणार, असं आपल्या बैठकीत कुणी म्हटलं की आम्ही कोट किरान्याची गोष्ट सांगतो.

१९९५ साली राजस्थानच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत शब्द दिला की गावातल्या विकासकामांच्या कागदांच्या नकला मिळतील. वर्ष गेलं, आदेश निघाला नाही. मग एप्रिल १९९६ मध्ये ब्यावर शहरात चांग गेटपाशी धरणं सुरू झालं. ते ४० दिवस चाललं. गावागावांतून धान्य आलं, पाळ्या लावून लोक बसले. घोषणा होती, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’. त्या काळात या चळवळीतल्या एका जेमतेम शिकलेल्या बाईला पत्रकारांनी विचारलं की तुम्हाला माहितीचा हक्क कशाला हवा. तिच्या उत्तराचा आशय असा होता की, मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवलं तर तो परत आल्यावर मी हिशेब विचारते. सरकार माझ्या नावाने एवढे पैसे खर्च करतं, त्याचा हिशेब मी का विचारू नये? मोठमोठ्या वकिलांना मांडता आलं नसतं ते या बाईने मांडलं, आणि मांडलं ते आपल्या बचत गटाच्या भाषेत.

एका पावसाळ्याच्या शेवटी आलेले तीन कायदे

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९९७ साली तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी माहितीच्या हक्काचे कायदे केले. राजस्थानने २००० साली केला. महाराष्ट्राने २००० साली केलेला कायदा दुबळा होता. अण्णा हजारे आणि इतरांच्या आंदोलनानंतर २००२ चा नवा कायदा आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळावी म्हणून अण्णा ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणाला बसले होते. शेवटी संसदेने सगळ्या देशासाठी माहितीचा अधिकार कायदा केला आणि तो १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्ण लागू झाला.

ते २००५ साल बायांनी लक्षात ठेवावं असं आहे. ७ सप्टेंबरला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा राजपत्रात आला. ९ सप्टेंबरला हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा देशभर मिळाला. आपल्या राज्याने ती सुधारणा १९९४ सालीच केली होती. आणि १२ ऑक्टोबरला माहितीचा अधिकार. पाच आठवड्यांत कामाचा हक्क, वाट्याचा हक्क आणि कागदाचा हक्क.

आमच्या मते यातला तिसरा पहिल्या दोघांची किल्ली आहे. वाटा कायद्याने मिळाला, पण तो खरोखर मिळाला की नाही हे फेरफाराच्या वहीत कळतं. वडील गेल्यावर वारस नोंद झाली, तेव्हा बहिणींची नावं लागली का? की कुणीतरी ‘नुसती सही कर’ म्हणून हक्कसोडपत्रावर सही घेतली? काम मिळालं की नाही हे मस्टर सांगतं. हक्क तोंडी असतो तोवर कुणीही नाकारतं. कागद हातात आला की नाकारणाऱ्याला लेखी नाकारावं लागतं.

आपल्या राज्यात बाईचं नाव कागदावर आणण्याची खटपटही जुनी आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. १९९२ साली सरकारनेही सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्यासाठी परिपत्रक काढलं. २००३ साली गावातल्या घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावाने करण्याचं परिपत्रक आलं. परिपत्रक निघालं म्हणजे आपल्या घराच्या नोंदीत नाव आलंच, असं नाही. नमुना ८ चा उतारा काढून बघितला तरच कळेल.

मागायचं कसं

आता कामाचं बोलू. आधी एक ध्यानात घ्या, प्रत्येक कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. सातबारा आणि आठ अ तलाठ्याकडे, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, किंवा ऑनलाइनही मिळतो. नमुना ८ चा उतारा ग्रामपंचायतीत मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे, कुठली सेवा किती दिवसांत मिळेल याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. आधी तो फलक वाचा.

उतारा मिळत नसेल, किंवा आतले कागद हवे असतील, जसं की कामाचं मस्टर, मोजमाप पुस्तिका, खर्चाची बिलं, ग्रामसभेचं प्रोसिडिंग, रेशन दुकानाची साठा नोंदवही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी माफ आहे, दाखल्याची प्रत जोडायची. झेरॉक्सचे पानाला २ रुपये. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, कायद्यातच तसं आहे. आणि माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. विचारलं तर हसून म्हणा, कायद्यात कारण लागत नाही.

आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. दोन विषय असतील तर दोन अर्ज. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रश्न विचारू नका, कागद मागा. ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारलं तर उत्तर येतं, अशी माहिती उपलब्ध नाही. त्याऐवजी लिहा, ‘अमुक वर्षी अमुक वस्तीच्या रस्त्यासाठी मंजूर अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, मस्टर आणि दिलेली बिलं यांच्या प्रती मिळाव्यात.’ का झाला ते त्या कागदांतूनच आपोआप दिसतं. प्रत नको असेल तर कागद जागेवर बघायचा हक्कही आहे, आणि कामाच्या मालाचा नमुना घ्यायचाही.

अर्जाची दुसरी प्रत करा आणि तिच्यावर पोच घ्या, तारीख, सही, शिक्का. पोच नसलेला अर्ज म्हणजे बोललेला शब्द. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. पुन्हा चकरा आपण मारायच्या नसतात. उत्तर ३० दिवसांत. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. मुदत टळली तर कागद फुकट द्यावे लागतात. उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर ३० दिवसांत वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, आणि तिथेही नाही जमलं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. कारण नसताना माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो. आयोगाकडे तारीख लागायला मात्र दम धरावा लागतो. म्हणून पहिला अर्जच नेमका आणि स्वच्छ हवा.

दुसऱ्या कुणाची खाजगी माहिती सहसा मिळत नाही, आणि ते बरोबरही आहे. पण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात या कलमात बदल केला गेला आणि नावं असलेले कागद नाकारायला जास्त वाव झाला, अशी काळजी माहिती अधिकाराचे कार्यकर्ते बोलून दाखवतात. मस्टरवर नावंच असतात, हे आपण विसरू नये. नकार आला तर तो लेखी घ्या, आणि हा सार्वजनिक पैशाचा, लोकहिताचा प्रश्न आहे असं अपिलात लिहा. लोकहिताचं कलम कायद्यात आहे.

एकटीने नाही

कागद मागणं नेहमी सोपं नसतं, हेही सांगायला हवं. जानेवारी २०१० मध्ये पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव दाभाडे इथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. जमिनीच्या व्यवहारांची माहिती काढण्यासाठी ते ओळखले जात. बाईने अर्ज केला तर धमकी नवऱ्याला येते, सासऱ्याला येते, रेशन दुकानात टोमणे बसतात. म्हणूनच कोट किरान्याच्या लोकांनी कागद एकट्याने वाचला नाही, गावासमोर वाचला.

आपल्याकडे तसा मांडव आधीच आहे. आपला बचत गट आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, हे कायद्यात आहे. पाचजणींनी पाच अर्ज करा. पोच घ्यायला तिघी मिळून जा. मिळालेला कागद महिला सभेत मोठ्याने वाचा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. एकीच्या पिशवीतला कागद कुणीही दाबू शकतं. सभेत वाचलेला कागद गावाचा होतो.

सुप्याच्या बाजारात कागद पेटवणाऱ्या लोकांकडे दुसरा उपाय नव्हता. आपल्याकडे १० रुपयांचा स्टॅम्प आहे आणि महिन्याला बसणारी बैठक आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराच्या नमुना ८ चा उतारा आणायचा. मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते बघायचं, मोठ्याने वाचायचं. जिथे आपलं नाव नसेल, तिथला पहिला अर्ज त्याच दिवशी, सगळ्यांनी मिळून लिहायचा.